येऊन राहिली

पुण्याला बी.एड.ला होते तेव्हा एका वाक्यावरून मैत्रिणी माझी फार थट्टा करायच्या. मेसमधून हाक आली की मी म्हणायचे, "येऊन राहिली." त्या विचारायच्या, "अगं, येतेयस की राहतेयस? काय ते एक ठरव." मी म्हणायचे, तुमच्याकडे दोन्ही एकदम जमत नसेल, आमच्या गोंदियाकडे जमतं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

तीच थट्टा मागच्या चैत्रात माझ्यावर उलटली.

रविवार होता, शाळेला सुट्टी. काका-काकूंसोबत मोहफुलं वेचायला चोरखमाऱ्याकडच्या जंगलाच्या काठाला गेले. आई गेल्यावर याच काकूनं मला वाढवलं. नुकतं उजाडलं होतं. वाकून वेचताना मध्येमध्ये एकमेकांना हाक द्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. मोह अस्वलालाही आवडतो, आणि माणसाचा आवाज आला की ते सहसा वाट बदलतं. काकू पुढच्या झाडाखाली होती. तिची हाक आली, मी मान वर न करताच म्हटलं, "येऊन राहिली."

पुढची हाक नव्हती, किंकाळी होती.

काकू खाली पडलेली आणि अस्वल तिच्यावर. आजही डोळे मिटले की सगळं दिसतं. उपडी झालेली टोपली. घरंगळणारी फुलं, त्यातलं एक तिच्या चपलेपाशी थांबलेलं. माझ्या मनगटावर चढत असलेली मुंगी. मुंगी कोपरापर्यंत गेली असं मला वाटलं, इतका वेळ. मी ओरडत होते, "येऊन राहिली, काकू, येऊन राहिली," आणि पाय जमिनीतून निघत नव्हते. येत नव्हतेच मी. नुसती राहिले होते.

काका कुऱ्हाड घेऊन, आरडाओरडा करत पलीकडून धावत आले तसं अस्वल निघून गेलं. काकूच्या डोक्याला आणि खांद्याला टाके पडले. दवाखान्यात सगळे विचारायचे, "तू कुठं होती?" मी म्हणायचे, तिथंच होते. ते ऐकताना माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काका म्हणाले, "पोरी, एक मिनिट बी नाही झालं." ते वीस पावलांवर होते, पहिल्याच किंकाळीला धावले, म्हणजे खरंच झालं नसणार. मी विज्ञान शिकवते. जीव धोक्यात असला की मेंदू एरवी सोडून देतो ते बारीकसारीकही टिपून ठेवतो, म्हणून आठवताना तो वेळ लांबतो. काहींचं शरीर धावतं, काहींचं जागीच थिजतं. मुलांना हे मी फळ्यावर लिहून समजावलं असतं. स्वतःला समजावता येईना. मी काकूकडे जाणंच कमी केलं. गेले तर स्वयंपाकघरात भांडी आपटत बसायचे.

शेवटी तिनंच पकडलं. टाके सुकले होते, हात वर जात नव्हता, म्हणून वेणी घालायला बोलावलं. जखमेच्या बाजूनं फणी फिरवताना मला रडू फुटलं. ती म्हणाली, "कायले रडून राहिली?"

मी विचारलं, "किती वेळ वाटला तुले?"

मला वाटलं, काकांसारखंच सांगेल. तिनं विचार केला, आणि खोटं बोलली नाही.

"लय. सरतच नोहता. वाटे, जल्मभर इथंच पडून आहो."

माझा हात थांबला.

"पण तुहा आवाज येऊन राहिला होता ना सारा वेळ," ती म्हणाली. "अस्वल वर होतं, अन् मी तुहा आवाज धरून होती. पोरगी येऊन राहिली, येऊन राहिली. तो बंद झाला असता तं मी सोडलं असतं."

मग म्हणाली, "वेणी घाल. घट्ट नोको ओढू."