कव्हरवर नसलेलं नाव

मंडळी, आज दुपारी माजिवड्याला मित्राकडे हळदीला गेलेलो. मांडवात बँजो पार्टी जोरात होती. ड्रमवर बसलेला टकला माणूस माझ्याकडे बघून हसला आणि मला घामच फुटला. काशिनाथ!

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमचा हेवी मेटल बँड होता. मी गिटारवर, काशिनाथ ड्रमवर. तसा हात मी पुन्हा ऐकला नाही. पण तो कोळीवाड्यातला, हळदीत वाजवायचा, आणि आम्हाला त्याची लाज वाटायची. मेटलवाला हळदीत वाजवतो काय? म्हणून काढला त्याला. तोंडावर सांगितलंही नाही, गुपचूप प्रॅक्टिसची जागा बदलली.

तोवर आमची एकुलती एक कॅसेट रेकॉर्ड झालेली. वाजवलं काशिनाथने, कव्हरवर नाव छापलं नव्या ड्रमरचं. पुढे आणखी तीन ड्रमर बदलले, मग गायक गेला, मग बँडच संपला.

आज जेवताना तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, "ती कॅसेट हाय रे अजून माझ्याकडं. पोरांना ऐकवली, मीच वाजवलंय म्हनून. त्यांनी कव्हर वाचलं न् हसली. बोलली, पप्पा, कायपन फेकता!"

सांगताना तोही हसत होता.

घरी येऊन माझ्या कॅसेटवर पेनाने त्याचं नाव लिहिलंय. पण त्याच्या पोरांना जाऊन खरं सांगितलं आणि त्यांनी विचारलं, "काका, मग तेव्हा का नाही छापलंत?" तर काय उत्तर देऊ?