फाटकाची कडी

सकाळी व्यापारी गोठ्यात शिरला आणि चारही गाईंनी रवंथ थांबवला. तो गेल्यावरही बराच वेळ तो ओला, संथ आवाज परत आला नाही.

यांचे गुडघे गेलेत, माझ्याच्यानं धारा होत नाहीत. गाई विकायच्या हे ठरलंय, कुणाला ते ठरत नाही. व्यापारी लांब नेईल, पुढे कुणाच्या दावणीला बांधेल कळायचं नाही. शेजारच्या गावात द्याव्यात, तर मागे कपिला गाय तिथंच दिली होती. दुसऱ्याच संध्याकाळी ती दावं तोडून आली आणि आपल्या जागेवर उभी राहून हंबरायला लागली. न्यायला आलेल्या माणसांकडे तिनं पाहिलंही नाही, माझ्याकडेच बघत राहिली. विकणं हा माणसांमाणसांतला व्यवहार. गाईला फक्त घरची वाट ठाऊक असते. आता तर चौघी येतील. आत्तापासूनच दिवस कलला की माझे कान वाटेकडे लागतात.

"जवळच देऊ," हे शेवटी म्हणाले. "फक्त गोठ्याच्या फाटकाला कडी बसवून घेतो."

आत गाई असताना त्या फाटकाला कधी कडी लागली नव्हती.