ज्याची तक्रार, त्यानंच वाचायची

लोक मला विचारतात, इतके किस्से तुमच्या लक्षात राहतात कसे? अहो, लक्षात कशाला ठेवायचे? आमच्या पत्र्याच्या पेटीत दर आठवड्याला ताजे पडतात.

रेणापूरच्या पुढं आमची मुलींची निवासी शाळा आहे. तक्रारपेटी शनिवारी सगळ्यांसमोर उघडते. नियम मुलींनीच केलेला, ज्याच्याबद्दल तक्रार त्यानंच उभं राहून वाचायची. मी भोजन विभागप्रमुख. लातूरहून एसटीनं ये-जा करते, रोज चव नोंदवहीत 'जेवण उत्तम' लिहून सही ठोकते आणि स्टाफरूममध्ये माझा डबा उघडते. आठ वर्षांत माझ्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नव्हती. त्याचा मला कोण तोरा!

*

हेडसरांची चिठ्ठी निघाली, "परिपाठाला सर लई बोलतात. पाय दुखतात."

सरांनी ती खणखणीत आवाजात वाचली. मग विद्यार्थ्यांशी बोलणं का गरजेचं आहे, यावर अर्धा तास बोलले.

पुढच्या शनिवारी दुसरी निघाली, "तक्रारीवर बी लई बोलतात."

*

आमच्या मुलींचं मंत्रिमंडळ असतं. नववीतली आरोग्यमंत्री दुसऱ्यांची नखं तपासण्यात फार कडक. तिच्याच नावानं चिठ्ठी आली की मंत्रीबाई स्वतः आंघोळ करत नाहीत. पोरी हसून हसून लोळल्या.

ही ढिम्म. म्हणाली, "हाव, खरं हाय. सोलरचं पाणी गार येतंय म्हणून मी तीन चिठ्ठ्या टाकल्या. सरांनी तिन्ही वाचल्या. वाचून पाणी तापत न्हाई."

सोमवारी सोलरवाला आला.

*

आता सुलामावशी. आमच्या स्वयंपाकीण, मूळच्या मुरुडच्या. तोंडानं फटकळ, पण आजारी पोरीसाठी मऊ भात वेगळा काढून ठेवणार. त्यांची चिठ्ठी निघाली, "वरण पातळ." मावशींना वाचता येत नाही, म्हणून एका मुलीनं वाचली आणि सगळ्या हसल्या.

मावशींचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. त्या आत गेल्या, पिशवी भरली. म्हणाल्या, "माझी तक्रार दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची न्हाई मला. लेकीकडं जाते."

पोरींच्या तोंडचं पाणी पळालं. स्वप्ना नावाची सातवीतली मुलगी पुढं झाली. ती धर्माबादकडची, घरी तेलुगू बोलणारी. शाळेत आली तेव्हा तिला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. ती म्हणाली, मावशी, मला बी येत नव्हतं, मी शिकवते तुम्हाला. मावशींनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आलं तर राहते, नाहीतर गेलेच समजा.

*

शाळा भरली स्वयंपाकघरात. परातीत पीठ पसरायचं आणि बोटानं अक्षरं काढायची. एका अंगाला कुकरच्या शिट्ट्या, एका अंगाला बाराखडी.

मंत्रिमंडळानं ठराव केला की मावशींच्या चिठ्ठीत जोडाक्षर नको, त्यांना जड जाईल. त्यामुळे 'पोळ्या कच्च्या' असं कुणाला लिहिताच येईना. दिवाळीपर्यंत त्या कच्च्या पोळ्या पोरींनी मुकाट्यानं खाल्ल्या!

*

सुट्टीच्या आधीचा शनिवार उजाडला. मावशी नवं लुगडं नेसून पुढं बसल्या. त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली. उठल्या, कागद डोळ्यांजवळ धरला. स्वप्ना नखं खात होती.

"व... र... ण. वरण. पा... तळ. पातळ."

मग चिठ्ठीची घडी करून म्हणाल्या, "पातळच राहणार. डाळ येती तेवढीच टाकते मी."

टाळ्या थांबेनात. स्वप्ना तर रडायलाच लागली. मावशी तिला म्हणाल्या, रडू नको गं, मी कुठं जात न्हाई.

मी पण डोळे पुसत होते, तेवढ्यात आरोग्यमंत्री म्हणाली की पेटीत अजून एक आहे. आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

वर माझं नाव. मोठी, वाकडीतिकडी अक्षरं. कागदाला पीठ लागलेलं. मी उभी राहिले आणि वाचलं, "बाई आमचं जेवण चाखत नाहीत. डबा घरून आणतात." तेही कागदाआड तोंड लपवून, हळूच.

पहिल्या रांगेतून मावशी म्हणाल्या, "बाई, मागं ऐकू जात न्हाई. मी वाचून दाखवू का?"