मधली तुकडी

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवून या, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर दुखणं सोसायचं आणि जिना कठडा धरून चढायचा. त्यांच्याकडच्या आहारवाल्या बाईंनी काय खायचं तेही समजावलं. भाज्या, मासळी, थोडे शेंगदाणे-बदाम, भात नावापुरता. नवरा खूश झाला. "मासळीला आपल्याकडं काय तोटा हाय? हे तर घरचंच औषध."

घरचंच, खरं आहे. नागावात आमचा होमस्टे आहे आणि रोजची मासळी माझ्याच हातून तळली जाते. पण तळणारीनं शेवटी जेवायचं, हा आमच्या घरचा कायदा. सुरमईच्या मधल्या तुकड्या पाहुण्यांना, मग नवऱ्याला. मला उरतं डोकं, शेपटी आणि कालवण. नुसत्या कालवणानं पोट भरत नाही, म्हणून त्याखाली भाताचा डोंगर. भाजीसुद्धा तळाला उरेल तेवढीच. इतकी वर्षं मला हे खटकलंही नाही, याचाच आता जास्त राग येतो.

महिना झाला तरी वजन जागचं हललं नाही. हा आहार आपल्या घरात जमायचा नाही, असं मी म्हटलं, तर नवरा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. चोरून काय खातेस?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओटीवर पाहुणे बसले होते, म्हणून तशीच मासे तळायला वळले.

त्याच दुपारी मुंबईची पाहुणी आणखी एक तुकडी उचलत म्हणाली, "भात नको हं काकू, मी डाएटवर आहे. फक्त मासे आणि सॅलड. तुमचं बरंय, तुम्हाला रोज ताजं मिळतं." तिचा बिचारीचा काय दोष? पण माझं डाएट ती खात होती आणि मी लंगडत तिला वाढत होते.

आत आले. तव्यावर नवऱ्याच्या वाटणीच्या दोन मधल्या तुकड्या होत्या. त्या माझ्या ताटात घेतल्या, शेजारी काकडी चिरली आणि खुर्ची ओढून बसले. नवरा जेवायला आला तेव्हा माझी पहिली तुकडी संपत आली होती. त्यानं रिकाम्या तव्याकडं पाहिलं.

"मला काय?"

"डोकं हाय, कालवण हाय. भात लागंल तेवढा घ्या."

त्यानं आपल्या हातानं वाढून घेतलं. बराच वेळ ते डोकं चिवडत बसला. मग म्हणाला, "यात खायला काय हाय?"

"व्हय ना," मी म्हटलं. "हेच मी चोरून खाते."