लाल ठिपका की दुर्बीण

माझ्या नवऱ्याचा जगात कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, शेजारी आमच्या नळावर डोळा ठेवून आहेत, डेपोतले लोक वाईटावर टपलेत. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, तसं माझंही झालं. ते निपाणीहून चिकोडीला बस चालवायचे. कॉलेजला जाणाऱ्या आमच्या लेकीलाही आपल्याच बसमध्ये, डावीकडच्या पुढच्या बाकावर बसवायचे. पोर नजरेखाली असावी म्हणून. विश्वास एकाच गोष्टीवर, सासऱ्यांच्या पॉइंट टू-टूच्या रायफलीवर. सुट्टीचा रविवार मिळाला की बेळगावच्या रायफल क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यात माझा भाऊ आला. तो बोटीवर कामाला, गोव्यात उतरून थेट आमच्याकडे. पिशवीतून त्यानं दोन वस्तू काढल्या. एक रायफलीवर बसवायची छोटी दुर्बीण, दुसरी एक आखूड काळी नळी.

"दाजी, नेमासाठी यातलं कुठलंबी एक ठेवा. दुसरं क्लबात कुणालातरी देतो."

"फुकट?"

"व्हय की."

झालं. कुठंतरी पाणी मुरतंय हे त्यांनी तिथंच ठरवलं.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून भावानं परसात तिच्यावर नळी बसवली. समोरच्या भिंतीवर तेलाच्या डब्याचं झाकण टांगलं. यांनी रायफल खांद्याला लावली.

"ह्यात काय दिसतंय? सगळा अंधार, आन् मधी एक लाल टिकली. झाकण कुठाय?"

"नळी पुढनं बंदच असतीया, दाजी. उजव्या डोळ्याला ठिपका दिसतोय, डाव्याला झाकण. दोनी डोळं उघडं ठेवलं की ठिपका झाकणावर जाऊन बसतोय."

"उघडंच हाईत माझं. न्हाय बसत. गोव्याचा माल! तुला कुणीतरी टोपी घातलीया, न्हायतर तू मला घालालायस."

"मग दुर्बीण ठेवा की," भाऊ गडबडून म्हणाला.

"बघ गं, लगीच फिरला. चोराच्या मनात चांदणं."

मग दुर्बीण चढवली. डावा डोळा मिटून त्यांनी बघितलं आणि खूश झाले. "ही खरी. लई झ्याक."

माहेरच्या माणसाला चोर म्हटलेलं मला झोंबलं. खरं सांगायचं तर शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकत होतीच. बोटीवरची माणसं, काय सांगावं! म्हणून भावाला नळी पुन्हा बसवायला लावली आणि रायफल मीच खांद्याला लावली. आधी ठिपका हवेत हिंदकळला. मग हळूच सरकून झाकणाच्या मधोमध बसला. रायफल जरा हलवली तर भिंतीलगतच्या पपईच्या झाडावर गेला, परत झाकणावर आला.

"अवो, बसतोय की! माझा भाऊ खोटं न्हाय बोलला!"

मी हसत वळले. ते झाकणाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. चेहरा उतरला होता.

तेव्हा मला गेल्या महिन्यातली तंबाखूची बैलगाडी आठवली. बसची डावी बाजू तिला घासली होती. गाडीवानानं मुद्दाम केलं, डेपोवाल्यांनी त्याला फूस लावली, असं यांनी सांगितलं आणि मीही त्या गाडीवानाला आठवडाभर शिव्या घातल्या. यांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहा हल्ली सारखा सांडायचा, तेव्हा मात्र मी पोरांवरच ओरडायची.

"जरा उजवा डोळा झाका बघू," मी म्हणाले.

त्यांनी झाकला नाही. खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या भावाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं, दाजी?" भावानं विचारलं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

मी रायफल त्याच्या हातात दिली. घरात गेले, उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला खाकी शर्ट घेतला आणि मोरीतल्या बादलीत बुडवला. ते मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

"उद्या ड्युटी हाय," म्हणाले.

"लेकीचं कॉलेजबी हाय," मी म्हणाले.