हिरवा चारा

दुबईपलीकडच्या रास अल खैमात चारुदत्त दामल्याला ओळखत नाही असा एकही शेळीवाला नव्हता. पुण्याचा बी.कॉम. झालेला हा गृहस्थ चाऱ्याच्या धंद्यात इतका मुरला, की गासडी फोडून मूठभर गवत हुंगल्याशिवाय माल घ्यायचा नाही. रंग हिरवा, वास गोड, म्हणजे माल चोख. स्वतःच्या पत्रिकेपेक्षा त्याचा नाकावर जास्त विश्वास.

शहाण्णव साली त्याने अमेरिकेतून फेस्क्यूचा कंटेनर मागवला. फेस्क्यू हे थंड मुलखातलं गवत. तिकडे ते कुरणांत पेरतात, उतारावरची माती धरून ठेवायला लावतात, आणि कापून वाळवलं तरी ते हिरवं दिसतं. पाठवणारा माणूस फोनवर जाता जाता म्हणाला होता, की गाभण घोडीला शेवटचे तीन महिने हे देऊ नका, आत न दिसणारी बुरशी असते. चारुदत्तने गासडी हुंगली. कसली बुरशी! आणि हे गिऱ्हाइकांना सांगितलं असतं तर बोभाटा होऊन माल पडून राहिला असता, हेही खरंच. तो मूग गिळून बसला.

म्हातारा खल्फान आला. त्याच्या अंगणात एकच घोडी, आणि तिच्यावर त्याचा पोटच्या लेकीसारखा जीव.

"घोडी पेट से है. चलेगा ना?"

"चलेगा हबीबी, इन्शाल्ला," चारुदत्त म्हणाला.

दिवस उलटून गेले तरी घोडी विईना. शेवटी व्याली, तर कासेत दुधाचा थेंब नाही. शिंगरू आठवडाभरही जगलं नाही. दुकानात येऊन खल्फान म्हणाला, "अल्ला की मर्ज़ी." चारुदत्तचा उतरलेला चेहरा पाहून उलट त्यानेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली चारुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगून टाका ना एकदा," विभावरी, त्याची बायको, म्हणाली.

"सांगतो. त्याचं दुःख जरा निवळू दे."

दुःख निवळलं, सांगायचं राहिलं. घोडी पुन्हा गाभण राहिली आणि दिवस भरत आल्यावर खल्फान त्याच गासड्या मागायला आला. तिला त्या फार आवडल्या होत्या म्हणे.

"नहीं! वो हरावाला नहीं," चारुदत्त जवळजवळ ओरडलाच. "ऱ्होड्स घास दो, थोड़ा जत दो."

ऱ्होड्स हे तिथलं रोजचं गवत, जत म्हणजे आपली लसूणघास. खल्फानने विचारलं, "क्यों?"

बोलायची हीच वेळ होती.

"डॉक्टर लोग बोलते हैं. अभी नया मालूम हुआ."

या वेळी शिंगरू जन्मताच धडपडत उभं राहिलं आणि आईला लुचू लागलं. शुक्रवारी खल्फानने दामल्यांना घरी बोलावलं, शेजारी जमवले, खजूर आणि कावा, म्हणजे तिथली कॉफी, मांडला. शिंगरू मादी होतं. खल्फानने तिचं नाव चारू ठेवलं होतं.

"बाबा, शी हॅज युअर नेम!" लेक ईशानी टाळ्या पिटत म्हणाली. विभावरीने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"इस आदमी ने बचाया," खल्फान शेजाऱ्यांना सांगत होता. मग चारुदत्तचा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, "पिछले साल तुमको मालूम होता, तो तुम ज़रूर बोलता. मुझे पता है."

चारुदत्तने मान डोलावली. लाज वाटली, पण डोलावली.

खल्फानने "चारू!" अशी हाक मारली. शिंगरू धावत आलं. चारुदत्त खाली मान घालून कपातला कावा बघत राहिला.