साधी सांगितली होती त्यांनी

अबुधाबीत मी ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सेक्रेटरी होते, तिथल्या सगळ्यात टोकाच्या केबिनमध्ये एक अमेरिकन इन्स्पेक्टर बसायचे. पाइपलाइनचं वेल्डिंग तपासणं हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. महिन्यातले दहा-बारा दिवस ते वाळवंटातल्या साइटवर असत, बाकीचे ऑफिसात. त्यांची पत्रं, रिपोर्ट, फॅक्स सगळं मीच टाइप करायचे.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत ऑफिस दोन तुकड्यांत चालायचं. सकाळी आठ ते एक, मग चार ते सात. मधले तीन तास सगळे घरी जाऊन जेवायचे, झोपायचे. मी जायचे नाही. नवरा तेलाच्या रिगवर, सहा आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे घरी. आम्हाला मूल नव्हतं. रिकाम्या फ्लॅटचं कुलूप काढायचं, एकटीनं जेवायचं आणि परत कुलूप लावून यायचं, त्यापेक्षा ऑफिसची पँट्री बरी. इन्स्पेक्टर साहेबही जायचे नाहीत. टेबलाच्या एका टोकाला माझा डबा, दुसऱ्या टोकाला त्यांचं सँडविच. पहिलं वर्षभर आम्ही जेवताना हवामानाखेरीज काही बोललो असू असं मला वाटत नाही. आणि तिथलं हवामान तरी काय, रोज तेच.

एका दुपारी ते फॅक्सचे तीन कागद घेऊन आले आणि माझ्या डब्याशेजारी पसरून बसले. त्यांच्या राज्याच्या वाहतूक खात्याकडून आले होते. त्या राज्यात म्हणे माजी सैनिकांसाठी गाडीच्या खास नंबर प्लेट मिळत. पहिल्या कागदावर फॉर्म, दुसऱ्यावर फीचा तक्ता आणि तिसऱ्यावर डिझाइन्स. फॅक्समध्ये सगळं काळंकुट्ट आलेलं. झेंडा म्हणजे एक काळा चौकोन, गरुड म्हणजे शाईचा डाग.

"ही साधी," त्यांनी बोट ठेवलं. "नुसतं 'माजी सैनिक' लिहिलेली. ही दुसरी त्याच पद्धतीची, पण डावीकडे युद्धाची रिबन."

साधीची फी पंचवीस डॉलर, रिबनवालीची पस्तीस. दर वर्षीचं रिन्यूअल वेगळं.

"पस्तीस म्हणजे एकशे तीस दिरहम," मी सवयीनं म्हटलं. "आमचे दीड हजार रुपये! सैनिक होतो एवढं गाडीवर लिहायला?"

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणून धीर करून सांगितलं, "सर, माझे वडीलही मिलिटरीत होते. हवालदार म्हणून रिटायर झाले. सव्वीस जानेवारीला अजून कोटावर मेडल लावून शाळेच्या झेंडावंदनाला जातात."

त्यांनी सँडविच खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. कुठलं युद्ध, कुठली पलटण, हिवाळ्यात कुठे होते, सगळं विचारलं. मला निम्मंही सांगता आलं नाही. मग मी विचारलं, "या रिबनचा रंग कुठला? फॅक्समध्ये कळत नाही."

त्यांनी माझ्या टेबलावरची स्केचपेनं मागवली. कडेला हिरवा, मग पिवळा, मधोमध तीन बारीक लाल रेघा. इतक्या सावकाश, रेघेबाहेर जाऊ न देता रंगवलं त्यांनी. "व्हिएतनाम," एवढंच म्हणाले. आणि उठताना, "फॉर्म साध्या प्लेटचा भरा."

अडचण एकच होती. प्लेट हवी तर त्या राज्यात स्वतःच्या नावावर गाडी हवी, आणि साहेबांकडे तिथे गाडी नव्हती. बारा वर्षं ते या ना त्या आखाती देशात काम करत होते. घटस्फोट झालेला. जवळचं माणूस म्हणजे मोठी बहीण आणि तिचा मुलगा, म्हणजे त्यांचा भाचा. दर गुरुवारी संध्याकाळच्या शिफ्टमध्ये ते बहिणीला फोन करायचे. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. केबिनचं दार उघडं असायचं, त्यामुळे ऐकू यायचं. चहा घेतलास का, कुत्रा कसा आहे, छप्पर दुरुस्त झालं का. शेवटी त्यांनी भाच्याची जुनी पिकअप फोनवरूनच विकत घेतली. ती उभी राहणार बहिणीच्या अंगणात. जी गाडी ते वर्षातून आठ दिवससुद्धा चालवणार नव्हते, ती फक्त प्लेट लावायला घेतली. मला ते विचित्र वाटलं, आणि का कोण जाणे, मनाला लागलं.

मग ते साइटवर गेले. सही केलेला फॉर्म माझ्याकडे होता. "फीचा ड्राफ्ट काढा आणि पाठवून द्या, माझी वाट बघू नका," असं सांगून गेले होते. डिझाइनपुढची चौकट तेवढी मी भरायची होती.

फॉर्म समोर ठेवून मी बराच वेळ बसले. शेजारी त्यांनी रंगवलेला कागद होता. ज्या माणसाला ते रंग इतक्या वर्षांनी पाठ आहेत, त्याला साधी प्लेट कशी हवी असेल? मला वाटलं, संकोच आहे. माझे वडील, आण्णा, तेही असेच. नवीन स्वेटर घेऊ का म्हटलं की जुनं चांगलं आहे म्हणणार, आणि आणलं की दिवसभर अंगातून काढणार नाहीत. मी रिबनवाल्या प्लेटपुढे खूण केली. वरच्या दहा डॉलरचे सदतीस दिरहम स्वतःच्या पर्समधून घातले आणि मनी एक्स्चेंजमध्ये जाऊन ड्राफ्ट काढला. त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी खुशीत होते.

दोन महिन्यांनी भाच्यानं फोटो पाठवला. बहिणीच्या दारात पिकअप, मागे नवीकोरी प्लेट, डावीकडे हिरवी-पिवळी-लाल रिबन. साहेबांनी फोटो पाहिला आणि मला विचारलं, "खात्याची चूक झाली का?"

मी म्हटलं, "असेल."

तो शब्द तोंडातून कसा गेला मला माहीत नाही. पण गेला.

त्या गुरुवारी फोन भाच्यानं उचलला. आई झोपली आहे म्हणाला. पुढच्या गुरुवारी ती बाहेर गेली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला आणि नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून दिला. पँट्रीतही ते येईनासे झाले. टेबलाच्या माझ्या टोकाला मी एकटीच जेवायचे.

शुक्रवारी मी साताऱ्याला माहेरी फोन लावला आणि आण्णांना सगळं सांगितलं.

"त्यांनी साधी सांगितली होती ना?" आण्णांनी विचारलं.

"हो, पण मला वाटलं…"

"तुला वाटलं." मग म्हणाले, "मला मेडलं किती आहेत गं?"

"तीन."

"चार आहेत. एक मी लावत नाही."

लहानपणी दर वर्षी ती पितळेच्या पॉलिशनं मी चकाकवायचे. मला तीनच आठवत होती.

"का लावत नाही, आण्णा?"

"बिल वाढतंय तुझं. ठेव. आणि त्यांना जाऊन सांग."

शनिवारी सकाळी, ऑफिसात कुणी यायच्या आधी, मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, खात्याची चूक नव्हती. खूण मी केली होती." पुढचं बोलताना मला रडू आलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि खिडकीकडे बघत सांगत राहिले. त्यांना एक धाकटा भाऊ होता. साहेब मिलिटरीत गेले म्हणून तोही एकोणिसाव्या वर्षी गेला, त्याच युद्धावर. साहेब परत आले, तो आला नाही. आईविना त्या दोघांना बहिणीनंच वाढवलं होतं. तेव्हापासून तिच्या घरात त्या युद्धाची एकही वस्तू नाही. साहेबांनी स्वतःचं सगळं सामान कुठल्याशा मित्राच्या पोटमाळ्यावर टाकलेलं.

"आणि आता ती रोज सकाळी दार उघडते तेव्हा समोर रिबन," ते म्हणाले.

"मग प्लेट हवीच कशाला होती, सर?"

"साध्या प्लेटवर कुठलं युद्ध ते लिहीत नाहीत. मी सैनिक होतो, एवढंच त्यात." मग म्हणाले, "जा, काम करा. खलास."

प्लेट बदलण्याची फी भरून नव्या प्लेटचा अर्ज मीच टाइप केला. या वेळी चौकट त्यांनी स्वतः भरली. पण बहीण फोनवर येत नव्हती ती नव्हतीच. तेव्हा मी त्यांना न विचारता आणखी एक गोष्ट केली. बहिणीचा पत्ता फाइलमध्ये होता. मी तिला पत्र लिहिलं. टाइप न करता, हातानं. लिहिलं की तुमच्या भावानं साधीच प्लेट सांगितली होती. मी एका सैनिकाची मुलगी आहे आणि मला जास्त कळतं असं मला वाटलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

दीड महिन्यानं कंपनीच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाकीट आलं. आत एकच कागद होता, मोठ्या, थरथरत्या अक्षरांतला. तिनं लिहिलं होतं की मुलाला सांगून गाडीवरची प्लेट काढली आहे, तुझ्यावर राग नाही. शेवटची ओळ अशी होती: "माझ्या भावाला सांग, अंगणात गाडी उभी करून माणूस घरी येत नाही. बारा वर्षं मी त्याची वाट बघते आहे."

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन टायपिंगला बसले. एकही शब्द सरळ उमटेना. तासाभरानं ते दारात आले. "तुम्ही न विचारता फार गोष्टी करता," म्हणाले. मी मान खाली घातली. "एक पत्र टाइप करायचं आहे. राजीनाम्याचं."

नोटीस दोन महिन्यांची होती. त्या दोन महिन्यांत ते रोज पँट्रीत आले. मी त्यांना थालीपीठ खायला घातलं, त्यांनी मला भावाबद्दल सांगितलं. तो शिट्टी फार छान वाजवायचा, पोहायला घाबरायचा. गुरुवारचे फोन पुन्हा सुरू झाले होते आणि आता ते बराच वेळ चालत.

जायच्या दिवशी कंपनीची गाडी खाली उभी होती. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत घाई करत होता. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. माझ्यासमोर आले तेव्हा हात पुढे न करता क्षणभर ताठ उभे राहिले, मान थोडी लववली आणि म्हणाले, "हवालदारांना माझा नमस्कार सांगा." मग लिफ्टनं खाली गेले. मी हसत हात हलवत राहिले, लिफ्टचं दार बंद झालं तरी.

एक वाजला. सगळे घरी गेले. नवरा यायला अजून तेवीस दिवस होते. पँट्रीत मी डबा उघडला, परत झाकण लावलं आणि पर्स घेऊन बाहेर पडले. ऊन मी म्हणत होतं. समुद्रकाठच्या कॉर्निशपर्यंत चालत गेले. तिथे बाकांवर कुणी नव्हतं. समुद्र अगदी स्थिर होता. चार वाजेपर्यंत मी तिथेच बसून राहिले, आणि मग कामावर गेले.